छोट्या खलनायकाचा माग कसा काढावा: काइट मॅनच्या निमित्ताने नवख्यांसाठी

कॉमिक्सचा नीट अभ्यास करायचाय म्हणत धुळ्या-जळगावची कॉलेजातली मुलं भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात बॅटमॅनचा सगळ्यात मोठा शत्रू जोकर आधीच पक्का झालेला असतो. मी त्यांना जोकर बाजूला ठेवायला सांगतो. १९४० साली बॅटमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकात तो आला आणि तेव्हापासून त्याच्यावर इतकं छापून आलंय, की सगळं वाचणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. मग दुसऱ्यांचे सारांश वाचले जातात आणि अभ्यास उसना होतो. छोट्या खलनायकाचं तसं नसतं. तो कधीतरी डोकावतो, मार खातो आणि वर्षानुवर्षं गायब होतो. त्याच्या महत्त्वाच्या सगळ्या गोष्टी एका फळीवर मावतात आणि त्या तुम्ही स्वतः वाचू शकता.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. मोठ्या खलनायकावर प्रकाशकाचा पहारा असतो, त्याचं फार काही बदलू देत नाहीत. छोट्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. म्हणून जो लेखक येतो तो त्याला आपल्या गरजेप्रमाणे वापरतो: कुणी आठ पानं भरायला, कुणी विनोदाला, कुणी रडवायला. छोट्या खलनायकाचा प्रवास म्हणजे या गरजांचा इतिहास. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. प्रत्येक अंकाला एकच प्रश्न विचारायचा: या लेखकाला, त्या वर्षी, हा माणूस कशासाठी हवा होता?

पायरी १: माणूस निवडा

निवडताना तीन गोष्टी बघा. त्याचा जन्म निदान तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा असावा, म्हणजे मधे काळ बदललेला दिसेल. तो वेगवेगळ्या लेखकांच्या हातांतून गेलेला असावा. आणि कधीतरी तो कागदावरून पडद्यावर, किंवा पडद्यावरून कागदावर आलेला असावा.

बॅटमॅनच्या शत्रूंत अशी पुष्कळ माणसं आहेत. सणावारांच्या तारखा धरून गुन्हे करणारा कॅलेंडर मॅन १९५८ चा. सॉस आणि मोहरीच्या पिचकाऱ्या घेऊन फिरणारा काँडिमेंट किंग तर आधी १९९४ साली अॅनिमेशन मालिकेत आला आणि मग छापील कॉमिक्समध्ये शिरला. मी मात्र आपल्याकडच्या मुलांना काइट मॅन देतो. संक्रांतीला धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या गच्चीवर उभ्या राहिलेल्या मुलाला पतंगाचा वारा, ओढ, मांजाची धार समजावून सांगावी लागत नाही. मोठ्या पतंगाला लटकून चोऱ्या करणारा माणूस त्याला पहिल्या पानापासून ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीतून चांगले प्रश्न निघतात. खाली सगळीकडे उदाहरण काइट मॅनचंच आहे. पद्धत तुम्ही कुणालाही लावा.

पायरी २: वही आखा

मोबाइलमध्ये टिपणं काढू नका, निदान सुरुवातीला नको. आडवी वही घ्या आणि रकाने आखा: अंकाचं नाव नि क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना आणि साल, लेखक, चित्रकार, वेश आणि साधनं, त्याच्याबद्दल नव्याने कळलेली गोष्ट. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, तो आपल्या प्रश्नाचा: कशासाठी हवा होता.

ही शिस्त मला कॉमिक्सने शिकवली नाही, धुळ्याने शिकवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर जुने कागद गोळा करत हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड काढले आणि १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांचा आग्रह साधा होता: आधी अस्सल कागद बघा, त्याची तारीख ठरवा, मग बोला. बखर पुष्कळ नंतर लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला पुढे काय झालं ते ठाऊक असतं आणि ते तो मागच्या काळावर चढवतो. खलनायकांचे इंटरनेटवरचे सारांश अगदी बखरीसारखेच असतात. काइट मॅनबद्दल कुठेही वाचा, पहिल्या दोन ओळींत त्याचं नाव चार्ल्स ब्राउन, त्याचा मुलगा वारला, म्हणून तो असा झाला, असं लिहिलेलं सापडेल. १९६० च्या गोष्टीत यातलं काहीही नाही. ते पुढे ठेवलेलं आहे, आणि कुणी नि केव्हा ठेवलं हेच तर आपल्याला शोधायचंय.

रकाने भरताना दोन अडचणी येतील. अमेरिकन मासिकांवर छापलेला महिना हा अंक बाजारात आल्याचा महिना नसतो. जुन्या अंकांवर तो साधारण दोन महिने पुढचा असतो. ऑगस्टचा अंक जूनच्या सुमारास स्टॉलवर आलेला असतो. तुम्ही छापील महिनाच लिहा, पण एखाद्या घटनेशी त्याचा संबंध जोडताना ही तफावत ध्यानात ठेवा.

दुसरी अडचण श्रेयाची, आणि तिच्यात खरा अन्याय दडलेला आहे. त्या काळच्या बॅटमॅनच्या गोष्टींवर नाव असे बॅटमॅनचा निर्माता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉब केनचं. लिहिणारे आणि चित्रं काढणारे भलतेच असत. काइट मॅन लिहिला बिल फिंगरने आणि चितारला डिक स्प्रँगने. फिंगर १९७४ साली वारला. बॅटमॅन उभा करण्यात त्याचा वाटा किती मोठा होता हे जाणकारांना माहीत असूनही बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं ते २०१५ मध्ये. म्हणून अंकावरची सही बघून लेखकाचा रकाना भरू नका. अभ्यासकांनी स्वयंसेवेने उभी केलेली ग्रँड कॉमिक्स डेटाबेस नावाची सूची आहे, तिथे प्रत्येक गोष्टीचा लेखक, चित्रकार, शाई करणारा यांच्या नोंदी फुकट बघता येतात. तिथूनच सुरुवात करा.

पायरी ३: घरच्या पेटाऱ्यावर सराव करा

इंग्रजी अंक मागवण्याआधी घरातला माळा धुंडाळा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक अजून निघतात. १९६४ च्या मार्चमध्ये हे प्रकाशन सुरू झालं, १९९० पर्यंत चाललं आणि मराठीतही निघत असे. त्यातला वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम, आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ आहे. त्याचे पिढीजात वैरी समुद्री चाचे. मूळ इंग्रजीत ते सिंग चाचे होते, इंद्रजालच्या पानांवर ते सिंगा झाले. वेताळाच्या देशाचं नावही बदलून डेंकाली केलं गेलं. हा बदल कथेच्या ओघात आलेला नाही. प्रकाशकाने इथला वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो केला. वहीत ही एक नोंद करून बघा, शेवटचा रकाना कसा भरायचा ते आपोआप समजेल.

माळ्यावर काही नसेल तर गावातल्या वाचनालयात बालविभागाचं जुनं कपाट उघडून मागा. धुळ्याचं गरुड वाचनालय आहे, जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय आहे. ग्रंथपालांना तुम्ही काय शोधताय ते नीट सांगा. कॉमिक्स म्हटलं की लोक संकोचतात. संकोचू नका, हा वाचनाचाच भाग आहे. रद्दीच्या दुकानदाराला मात्र आधी सांगून ठेवावं लागतं, कारण त्याच्याकडे आलेला गठ्ठा दोन दिवसांत पुढे जातो.

पायरी ४: पहिला अंक वाचा, आणि त्याच्या आजूबाजूचं वातावरणही

बॅटमॅन, अंक १३३, ऑगस्ट १९६०. किंमत दहा सेंट. तेव्हा एका अंकात बहुधा दोन-तीन स्वतंत्र गोष्टी असत, काइट मॅनची त्यांतली एक. मूळ अंक आज संग्राहकांच्या हाती आहे आणि त्याची किंमत आपल्याला परवडणारी नाही, पुनर्मुद्रण शोधा. चोरून चढवलेल्या प्रती सहज मिळतात, पण त्यांतून श्रेयाची पानं, जाहिराती, वाचकांची पत्रं बरेचदा गळलेली असतात, आणि अभ्यासाला तीच लागतात. शिवाय ज्या लेखकाला जिवंतपणी त्याचं श्रेय मिळालं नाही त्याच्यावर लिहिताना आपण तरी प्रामाणिक मार्गाने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

गोष्टीत काय आहे? पतंगाला लटकून उडणारा एक चोर, वेगवेगळ्या करामतींचे पतंग, आणि शेवटी बॅटमॅनच्या हातून पकडला जाणं. त्याचं खरं नाव काय ते गोष्ट सांगत नाही. तो असा का झाला, हेही नाही. पहिल्यांदा वाचताना मुलं हिरमुसतात आणि म्हणतात, यात काहीच नाही. इथे थांबा आणि शेवटच्या रकान्यापाशी या.

१९५४ साली अमेरिकेत कॉमिक्सवर मोठं वादळ उठलं होतं. फ्रेडरिक वेर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने या पुस्तकांनी मुलं बिघडतात असं मांडलं, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं लिहायचं नाही, दर वेळी चांगल्याचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, रक्तपात दाखवायचा नाही. आता विचार करा, या चौकटीत दर महिन्याला नवा गुन्हेगार कुठून आणायचा? त्याला दुःख द्यायचं नाही, कारण दुःख दिलं की सहानुभूती आली. त्याला खुनी करायचं नाही. मग त्याच्याकडे उरते ती एकच गोष्ट, करामत. बिल फिंगर अशा कल्पना टिपून ठेवण्यासाठी वह्या बाळगायचा आणि डिक स्प्रँगचा हात तर अजस्र वस्तू काढण्यातच रमायचा. पतंग हा दोघांच्या सोयीचा विषय होता. मोठा करता येतो, आकाशात नेता येतो, कुणाचा जीव न घेता पान भरतं.

काइट मॅनचं पोकळपण हे लेखकाचं आळशीपण नव्हतं. त्या वर्षी छापता येण्याजोगा खलनायक तोच होता. ही नोंद वहीत ठळक करा. पुढच्या साठ वर्षांत जे बदललं ते या पोकळीत काय भरायची मुभा मिळाली, एवढंच आहे.

पायरी ५: रिकाम्या वर्षांचीही नोंद घ्या

काइट मॅनची पुढची ठळक गोष्ट थेट सप्टेंबर १९७९ ची, बॅटमॅन अंक ३१५. मधल्या एकोणीस वर्षांत तो का नाही, याचं उत्तर वहीत लिहायला हवं. नवखे अभ्यासक ही जागा कोरी सोडतात.

१९६४ मध्ये संपादक बदलला, ज्युलियस श्वार्ट्झ आला आणि बॅटमॅनमधला बराच जुना पसारा त्याने झाडून टाकला. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर रंगीबेरंगी, गमतीदार बॅटमॅन आला, खूप गाजला आणि १९६८ ला संपला. त्यानंतर लेखकांना ती गंमत पुसून टाकायची घाई झाली. सत्तरच्या दशकात डेनिस ओनील आणि नील अॅडम्स यांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीत, सावल्यांत नेलं. अशा रात्री पतंग उडवत येणाऱ्या चोराला कोण जागा देणार?

१९७९ मध्ये लेन वीनने त्याला परत आणलं आणि त्याला एक नाव दिलं: चक ब्राउन, पुढे चार्ल्स ब्राउन. अमेरिकेतल्या प्रत्येक वाचकाला त्यातली खूण लगेच कळली. चार्ल्स शुल्झच्या पीनट्स या चित्रमालिकेतला चार्ली ब्राउन, ज्याचा पतंग हमखास झाडात अडकतो, तोच हा. नाव थट्टेतून आलं होतं. पण थट्टेतून आलेलं का होईना, नाव मिळालं की पात्राला पाय फुटतात. पुढच्या लेखकाला धरायला काहीतरी सापडतं. शुल्झचा चार्ली ब्राउन हरणारा आहे आणि तरीही दर वर्षी पुन्हा पतंग घेऊन माळावर येतो. ही चिकाटीही त्या नावासोबत काइट मॅनकडे आली आणि अडतीस वर्षांनी कुणाच्या तरी कामाला आली.

पायरी ६: मृत्यूंना घाबरू नका

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ५२ नावाच्या साप्ताहिक मालिकेत काइट मॅन मारला जातो. टोळीप्रमुख ब्रूनो मॅनहाइम त्याला संपवतो. आणि मग तो पुन्हा दिसतो. मुलं विचारतात, हा तोच की दुसरा?

रावेर-यावलच्या मुलांना मी केळीची पीलबाग आठवायला सांगतो. घड उतरला की मूळ झाड कापतात आणि त्याच कंदातून आलेलं पील पुढचं पीक देतं. जमीन तीच, कंद तोच, झाड वेगळं. डीसी कंपनीने आपल्या सगळ्या कथाविश्वाची अशी छाटणी बरेचदा केली आहे: १९८५-८६ मध्ये, मग २०११ मध्ये, आणि २०१६ मध्ये पुन्हा मांडामांड. म्हणून वहीत प्रत्येक छाटणीपाशी एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचं खाली आपोआप लागू होत नाही. खालच्या लेखकाने वरचं जे मुद्दाम उचललं असेल तेवढंच लागू. कुणी काय उचललं आणि काय सोडलं, हे बघितलं की त्याची गरज कळते.

या पायरीवर याहून जास्त वेळ घालवू नका. मृत्यूंच्या तारखा जुळवत बसणारे पुष्कळ आहेत, त्यातून हाती फारसं लागत नाही.

पायरी ७: जिथे पात्र वळलं तो अंक तीनदा वाचा

प्रत्येक छोट्या खलनायकाच्या प्रवासात एक वळण असतं. काइट मॅनचं वळण २०१७ चं. लेखक टॉम किंग, बॅटमॅन अंक २५ ते ३२, जोकर आणि कोडी घालत गुन्हे करणारा रिडलर यांच्यातल्या युद्धाची गोष्ट. ती चौथ्या खंडात एकत्र मिळते आणि तेवढा एक खंड तरी विकत घ्या, असं मी सांगतो. मुख्य गोष्टीची चित्रं मिकेल हानीनची. पण अंक २७ आणि ३० यांत किंगने युद्ध थांबवून काइट मॅनची स्वतंत्र कहाणी सांगितली आहे आणि तिची चित्रं क्ले मानची आहेत.

पहिलं वाचन गोष्टीसाठी करा. चार्ल्स ब्राउन हा घटस्फोटित बाप, लहानसा गुन्हेगार, पतंगांच्या उड्डाणशास्त्रातला जाणकार. दोन टोळ्यांच्या युद्धात तो चिरडला जातो: जोकरचं काम करावं लागतं, बॅटमॅन त्याला खबऱ्या करतो, आणि रिडलर त्याच्या लहान मुलाच्या पतंगाच्या दोरीला विष लावतो. मुलगा मरतो. मग बाप तो हास्यास्पद वेश शिवतो आणि रिडलरविरुद्ध जोकरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. 'काइट मॅन. हेल येह.' हे वाक्य किंगने आधीच्या अंकांत नुसतं गमतीचं म्हणून वापरलं होतं आणि वाचक हसले होते. इथे कळतं की ते त्याच्या मुलाचं आहे.

दुसरं वाचन बांधणीसाठी. सहानुभूती नको म्हणणाऱ्या ज्या आचारसंहितेमुळे १९६० मध्ये पोकळी ठेवावी लागली होती, ती डीसीने २०११ मध्ये पूर्ण सोडली. किंगने त्या पोकळीत नेमकं दुःख भरलं, आणि भरताना जुनं काही फेकलं नाही. विचित्र वेश तसाच ठेवला, थट्टेतून आलेलं नाव तसंच ठेवलं, दर वेळी मार खाणंही तसंच ठेवलं. अंक ३० मध्ये तो पुन्हा पुन्हा हरतो, पुन्हा उठतो. शुल्झच्या माळावरचा मुलगा मोठा होऊन इथे आलाय, असं मला ते वाचताना दर वेळी जाणवतं.

तिसरं वाचन शेवटासाठी. अंक ३२ मध्ये रिडलर सांगतो, की हसू हरवलेल्या जोकरला हसवण्यासाठी त्याने काइट मॅन नावाचा विनोद घडवला. एका बापाचं सगळं आयुष्य हा कुणाचा तरी विनोद होता. या ठिकाणी मला किंगचं धाडस मोठं वाटतं. सत्तावन्न वर्षं वाचक या पात्राला विनोद म्हणूनच बघत होते. किंगने तो विनोद गोष्टीच्या आत आणला आणि त्याची किंमत कुणी मोजली ते दाखवलं. पतंगवाला चोर म्हणून हसलेला प्रत्येक वाचक त्या क्षणी रिडलर-जोकरच्या बाजूला जाऊन बसतो.

आणि आपल्या वाचकासाठी इथे आणखी एक पदर आहे. खानदेशात दोरीने माणूस मरतो हे कल्पनेतलं नाही. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. पक्षी तर मोजायलाच नकोत. योगायोग असा, की जुलै २०१७ मध्ये अंक २७ बाजारात आला आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदीचा आदेश दिला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण धुळ्यात बसून तो अंक वाचणाऱ्याला विष लावलेल्या दोरीचं पान न्यूयॉर्कच्या वाचकापेक्षा वेगळं भिडतं, आणि हे वेगळं भिडणं वहीत लिहायला हवं. वाचकाची जागाही अभ्यासाचा भाग आहे.

एक सूचना: ही गोष्ट घडते बॅटमॅनच्या अगदी सुरुवातीच्या काळात, आणि कितीतरी वर्षांनी तो ती त्याच्या प्रेयसीला, कॅटवुमनला सांगतो. म्हणून काही जण ती काइट मॅनची 'पहिली' गोष्ट समजून यादीत सगळ्यात वर टाकतात. तसं करू नका. ती २०१७ ची आहे, तिची जागा २०१७ मध्येच. कथेतल्या काळाने लावलेली यादी पात्राचं चरित्र सांगते. छपाईच्या काळाने लावलेली यादी पात्र कसं घडलं ते सांगते. आपल्याला दुसरी हवी.

पायरी ८: पडद्याचा रकाना वेगळा ठेवा

कागद आणि पडदा एकाच यादीत मिसळले की कुणी कुणाकडून घेतलं ते कळेनासं होतं. दोन रकाने शेजारी ठेवा आणि बाण काढा. काइट मॅनच्या बाबतीत पडद्यावरची मोजकी ठिकाणं पुरेत. बॅटमॅन: द ब्रेव्ह अँड द बोल्ड या २००८ ते २०११ च्या मालिकेत तो प्लॅस्टिक मॅन या नायकाच्या आधीच्या गुन्हेगारी दिवसांतला म्होरक्या आहे. २०१७ च्या लेगो बॅटमॅन चित्रपटात तो गर्दीतला एक चेहरा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या हार्ली क्विन या प्रौढांच्या अॅनिमेशन मालिकेत मात्र तो थेट घरात येतो: पॉयझन आयव्ही या खलनायिकेशी त्याचं लग्न ठरतं आणि ऐन लग्नात, तिचं मन दुसरीकडे आहे हे ओळखून, तोच मागे होतो. २०२४ मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका आली, त्यात तो गोल्डन ग्लायडर या खलनायिकेसोबत खलनायकांचा बार चालवतो. किंगच्या गोष्टीतलं दुःख या मालिकांनी घेतलं नाही; तोंडचं वाक्य घेतलं आणि मनाचा चांगुलपणा दिला. बाण कागदाकडून पडद्याकडे, पण अर्धाच.

बाण उलटा कसा जातो ते बघायचं असेल तर मिस्टर फ्रीझ वाचा. फेब्रुवारी १९५९ मध्ये तो मिस्टर झिरो या नावाने आला, बर्फाची बंदूक असलेला किरकोळ चोर. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचं नाव बदललं आणि कॉमिक्सने ते उचललं. मग १९९२ मध्ये पॉल डिनीने अॅनिमेशन मालिकेच्या एका भागात त्याला आजारी, गोठवून ठेवलेली पत्नी दिली. नोरा हे पात्र तिथेच जन्मलं. त्या एका भागानंतर फ्रीझ छोटा उरला नाही, आणि पुढच्या छापील गोष्टींनीही नोराला आपलं मानलं. काइट मॅन आणि फ्रीझ यांची पानं शेजारी ठेवून वाचली, की पहिल्याला कागदाने आणि दुसऱ्याला पडद्याने दुःख दिलं हे लख्ख दिसतं.

पायरी ९: लिहायला बसा, मराठीत

वही भरली की लिहा, आणि आपल्या भाषेत लिहा. इंग्रजीत या विषयावर ढीगभर आहे, मराठीत जवळजवळ नाही. नावं देवनागरीत लिहिताना एकदा ठरवलेलं रूप शेवटपर्यंत ठेवा. अंकाचा क्रमांक आणि साल मजकुरातच द्या, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल. जे तुम्ही पानावर पाहिलं ते एका वाक्यात आणि जे तुम्हाला वाटतं ते दुसऱ्या वाक्यात, असं वेगळं ठेवा. दोन्ही एकाच वाक्यात गुंफलं की तुमचीही बखर होते.

पहिला मसुदा वेश, करामती आणि मारामाऱ्यांनी भरेल. तो तसाच येऊ द्या. मग शेवटचा रकाना समोर घेऊन त्यातला प्रत्येक परिच्छेद तपासा आणि ज्या परिच्छेदात लेखकाची गरज दिसत नाही तो कापा. बहुधा अर्धं जाईल. जे उरेल ते एखाद्या अशा मित्राला वाचायला द्या ज्याने एकही कॉमिक वाचलेलं नाही. त्याला १९६० चा चोर आणि २०१७ चा बाप यांच्यात काय घडलं ते कुणाला न विचारता सांगता आलं, तर कॅलेंडर मॅनची वही आखायला घ्या.